जगभरच्या तबकड्या, मराठवाड्यातले कान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना आणि इथल्या संभाजीनगरातून रेकॉर्डबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो पाठवणाऱ्याचीच ठेवली आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिलाय. आवडीनिवडी माझ्या आहेत, पटल्या नाहीत तर खुशाल भांडा.

१. आजोबांच्या ट्रंकेत तबकड्या सापडल्या. एलपी आहेत की ७८ च्या, कसं ओळखायचं?

हातात घेताच कळतं. जड, कडक, टिचकी मारली की खणकन वाजणारी आणि हातातून सुटली की तुकडे होणारी ती ७८ ची. ती लाखेची असते, मिनिटाला ७८ फेरे घेते आणि दहा इंची असेल तर एका बाजूला साधारण तीन मिनिटं वाजते. एलपी विनाइलची, हलकी, जराशी वाकणारी. कोलंबिया कंपनीने ती १९४८ मध्ये आणली. मिनिटाला ३३ पूर्णांक १ तृतीयांश फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. सात इंची लहान तबकडी ४५ ची, ती आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये काढली. आपल्याकडे सिनेमाची गाणी तिच्यावर भरपूर निघाली.

एक लक्षात ठेवा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत नाट्यगीतांच्या शेजारी उर्दू गझला आणि कव्वाल्या निघतात. लेबल वाचता आलं नाही म्हणून भंगारात घालू नका. उर्दू वाचणारं कुणीतरी गल्लीत असतंच.

२. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली तर चालंल का?

नाही. लोखंडी पिन आणि त्या भोंग्याच्या डोक्याचं वजन विनाइलची खाच पहिल्याच फेरीत खरवडून काढतं. उलटही खरं आहे: एलपीच्या सुईने ७८ वाजवू नका. ७८ च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीला १८ ते २५ ची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तळातली घाण ऐकवते.

३. परदेशी संगीत ऐकायचंय, पण भाषा कळत नाही. सुरुवात कुठून करू?

भाषा कळत नाही ही अडचण आपण उगाच मोठी करतो. ख्यालाची बंदिश ऐकताना तरी किती जणांना शब्द कळतात? कानाला जे आधीपासून माहीत आहे, तिथून निघा.

कीर्तन किंवा ठुमरी आवडत असेल तर इजिप्तच्या उम्म कुलसूमपासून. तिचं ‘इन्ता उमरी’ हे १९६४ चं गाणं, संगीत मोहम्मद अब्देल वहाबचं. मैफलीत ते तासभर चालायचं. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते, दर वेळी वेगळ्या वळणाने, आणि श्रोते मधेच ओरडून दाद देतात. कीर्तनात बुवांनी एक चरण धरून ठेवला की मंडप कसा हलतो, ते पाहिलेल्याला इथे काही शिकवावं लागत नाही. तिच्या काही स्वरांची जागा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडते. पहिल्यांदा कान अडखळेल, ते बेसूर नाही.

गोंधळ, भारूड, वासुदेव हे घरात ऐकलेलं असेल तर पश्चिम आफ्रिकेतल्या मालीकडे जा. तिथे जेली नावाची घराणी आहेत. राजांच्या वंशावळी आणि पराक्रम गाऊन सांगणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांचं वाद्य कोरा: अर्ध्या भोपळ्यावर कातडं मढवून २१ तारा. सिदिकी दियाबाते, बातुरू सेकू कुयाते आदी चार कोरावादकांची ‘कोर्द आन्सिएन’ ही १९७० ची एलपी ऐका. नुसती कोरा, गाणं नाही. यातल्याच सिदिकीचा मुलगा तुमानी पुढे जगप्रसिद्ध झाला.

आणि शास्त्रीय वाद्यसंगीताची सवय असेल तर आधी घरचीच १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. परदेशातल्या कित्येकांनी आपलं संगीत ऐकायला हिच्यापासून सुरुवात केली. उलट दिशेने जायलाही हाच पूल चालतो.

४. तुमच्या सर्वांत आवडत्या दहा रेकॉर्ड सांगा.

दहा नाही सांगणार. प्रश्न ३ मधल्या सोडून चार सांगतो, कारणांसकट.

फेला कुटीची ‘झाँबी’. नायजेरियातल्या लष्कराची टर उडवणारी, एक अख्खी बाजू एकच गाणं, बारा मिनिटांच्या आसपास. ढोल आणि गिटार आधी जमीन तयार करतात, मग पितळी वाद्यं, आणि बऱ्याच वेळाने फेला तोंड उघडतो. तो एक ओळ म्हणतो, बायकांचा ताफा उत्तर देतो. १९७७ मध्ये सैन्याने त्याच्या लागोसमधल्या घरावर हल्ला करून ते जाळलं. नामांतराच्या वर्षांत इथल्या वस्त्यांमधले जलसे ज्यांनी ऐकलेत, त्यांना फेलाची ओळख करून द्यावी लागत नाही. सवाल-जवाबाची रचना, सत्तेची खिल्ली आणि खालून चालू असलेला ठेका, सगळं ओळखीचं वाटतं.

दुसरी बल्गेरियन बायकांची. मार्सेल सेलिए या स्विस माणसाने तिथल्या सरकारी रेडिओच्या महिला समूहाचं गाणं १९७५ मध्ये ‘ल मिस्तेर दे व्हा ब्युल्गार’ नावाने काढलं. गळा पूर्ण मोकळा सोडलेला, आणि दोन आवाज अगदी शेजारशेजारचे स्वर धरून एकमेकांना घासतात. आपल्याकडे असे दोन स्वर एकत्र आले तर पेटीवाल्याकडे बघतील. तिथे तीच गाण्याची जान आहे.

तिसरी बाली बेटावरची: ‘म्युझिक फ्रॉम द मॉर्निंग ऑफ द वर्ल्ड’, १९६७, नॉनसच कंपनीच्या एक्स्प्लोरर मालिकेतली. डेव्हिड लुइस्टनने तिथे जाऊन मुद्रित केलेली. गमेलानच्या काशाच्या वाद्यांचा प्रत्येक ताफा आपल्यापुरता जुळवलेला असतो, एका गावचं वाद्य दुसऱ्या गावच्या ताफ्यात बसत नाही. हिच्यातला केचक, म्हणजे पुरुषांच्या मोठ्या घोळक्याने तोंडाने काढलेले ‘चक-चक’ बोल, रात्री मोठ्या आवाजात लावू नका. शेजारी विचारायला येतात.

चौथी माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. जॅझ म्हणजे गोंधळ असं वाटणाऱ्यांनी ही ऐकावी. भराभर सूरसंगती बदलण्याऐवजी एकेका स्वरसप्तकात रमत जाणं, आलापीची सवय असलेल्या कानाला हे पटकन रुचतं. हिच्या पट्टीचा एक घोळ आहे, तो प्रश्न ११ मध्ये.

बीटल्स यादीत का नाहीत, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही.

५. केसरबाईंचं गाणं अंतराळात गेलंय म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. १९७७ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. ती घ्यावी असं रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने सुचवलं. त्याच सप्टेंबरात, १६ तारखेला, केसरबाई गेल्या.

जगाच्या संगीताचा नमुना म्हणून ही तबकडी मला अजूनही उत्तम वाटते. बाख आहे, चक बेरी आहे, जावाचं गमेलान आहे, जॉर्जियातलं पुरुषांचं समूहगान आहे, चीनच्या ग्वान पिंगहूचं सात तारांचं गुचिन आहे, बल्गेरियाची वाल्या बाल्कान्स्का आहे. ती मिनिटाला १६ पूर्णांक २ तृतीयांश फेऱ्यांवर वाजते, म्हणजे एलपीच्या निम्म्या वेगाने. हेतू साधा: कमी जागेत जास्त मावावं.

६. भारूड, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या रेकॉर्ड मिळतात का?

जेवढ्या असायला हव्यात तेवढ्या नाहीत. मराठी रेकॉर्डचा धंदा मुंबई-पुण्याभोवती फिरला: नाट्यगीत, भावगीत, लावणी, सिनेमा. मुंबईतल्या यंग इंडिया कंपनीने १९३५ पासून कमी नावाजलेल्या मराठी गायकांनाही जागा दिली. तिची लेबलं दिसली तर नीट बघा. एकनाथ पैठणचे, जनाबाई गंगाखेडच्या, नामदेवांचं नरसी हिंगोलीत. रचना आपल्या मातीतल्या, तबकडीवरचा आवाज बहुतेक वेळा दुसरीकडचा.

ओव्यांचा सर्वांत मोठा ठेवा तबकडीवर नाहीच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बीडमधल्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. हा संग्रह आता पारी या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतो. रेकॉर्ड हवीच असा हट्ट असणाऱ्यांना मी आधी तिकडे पाठवतो.

७. इकडे रेकॉर्ड मिळतात कुठे?

दुकानं विचाराल तर फारशी नाहीत. संभाजीनगरात जाफर गेटचा रविवारचा बाजार, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद जवळ पडतं. पण खरा माल बाजारात येण्याआधी दोन ठिकाणी असतो: म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडे आणि मंडपवाल्याकडे. लग्नात लाउडस्पीकरवर रेकॉर्ड वाजवणाऱ्यांच्या पेट्या अजून माळ्यावर आहेत. फक्त त्या तबकड्या जड सुईने शेकडो लग्नं वाजलेल्या असतात, घेण्याआधी उजेडात तिरप्या धरून बघा. काळ्या रंगाची चमक जाऊन करडेपणा आला असेल तर ती धुऊन सुधारणार नाही.

परदेशी संगीत स्वस्तात हवं असेल तर मेलोदिया ही सोव्हिएत सरकारी कंपनी शोधा. जॉर्जियाचं समूहगान, अझरबैजानचा मुगाम, उझबेक गाणी, सगळं तिने छापलंय. कव्हर रशियनमध्ये असल्यामुळे विक्रेत्याला भाव सुचत नाही, हा आपला फायदा. नव्या आयात एलपी अडीच-तीन हजारांच्या पुढेच असतात.

८. मे महिन्यात रेकॉर्ड वाकली. वरून इस्त्री फिरवली तर?

नका. विनाइल साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, इस्त्रीने खाचाच वितळतील. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी घरातली रेकॉर्ड सहसा टिकते. वाकते ती उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात. तापलेली रेकॉर्ड आडवी रचलेली असेल तर वजनाने आणखी बिघडते. म्हणून नेहमी उभ्या, फार सैल नाही, फार दाबून नाही.

वाकलेली विनाइल दोन जाड सपाट काचांमध्ये ठेवून वर वजन द्या आणि घरातल्या साध्या तापमानाला काही आठवडे विसरून जा. थोडा वाक असेल तर निघतो. लाखेच्या तबकडीवर हा प्रयोग करू नका, तडकते.

आणि कूलर. उन्हाळ्यात सगळ्यांचं लक्ष उष्णतेकडे असतं, पण ज्या खोलीत दिवसरात्र कूलर चालतो तिथे कव्हरांना बुरशी धरते. रेकॉर्डचं कपाट झोतासमोर नको.

९. धुवायच्या कशाने?

आधी प्रश्न १ वाचून लाख की विनाइल ते ठरवा, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ७८ च्या तबकडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा हँड सॅनिटायझर लावलं तर गाणं फडक्यावर येतं. तिला डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं करणं एवढंच.

विनाइलला तीन भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल, एक-दोन थेंब लिक्विड. खाचेच्या दिशेने गोल पुसा, आरपार नाही. लेबल भिजू देऊ नका. बोअरचं पाणी तर वापरूच नका. आपल्याकडचं पाणी क्षारांचं, वाळलं की खाचेत पांढरा थर ठेवून जातं आणि मग आयुष्यभर चरचर. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं.

१०. प्लेयर कोणता घ्यावा? सूटकेसवाला स्वस्त मिळतोय.

सूटकेसवाल्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला पुढचा भाग) असतं आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत. चांगल्या प्लेयरवर तो दीड ते अडीच ग्रॅम असतो. जुन्या घासलेल्या सिनेगाण्यांना चालेल, वरच्या चार रेकॉर्डपैकी एकही त्यावर ठेवू नका. मागे वजन फिरवून भार कमी-जास्त करता येतो असा बेल्टवाला प्लेयर घ्या. मॅग्नेटिक कार्ट्रिज असेल तर फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारी डबी, लागतो, नाहीतर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. ‘प्लेयर बिघडलाय’ म्हणून आलेले निम्मे प्रश्न इथेच सुटतात. ७८ पण वाजवायच्या असतील तर वेग आणि सुई दोन्ही वेगळे लागतात (प्रश्न २).

*पुरवणी:* भावाने अमेरिकेतून पाठवलेला जुना प्लेयर इथे हळू फिरतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची आहे. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज सुटतं, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. विजेच्या आवर्तनावर फिरणारी जुनी मोटर इथे सहाव्या हिश्श्याने मंदावते. काळी दोनचा गवई पांढरी एकच्याही किंचित खाली जातो. मोटरची ५० हर्ट्झची पुली मिळाली तर बदला. अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या डीसी मोटरच्या प्लेयरला ही अडचण नाही.

११. प्लेयर ठीक आहे, तरी रेकॉर्डवरचं गाणं भलत्याच पट्टीत वाटतं. का?

कधी कधी दोष रेकॉर्डचाच असतो. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मुद्रित करताना टेपयंत्र जरासं हळू चाललं होतं, त्यामुळे वाजवताना ती थोडी चढी लागतात. १९९२ मध्ये ते दुरुस्त करून निघालं. त्याआधीची प्रत असेल आणि सोबत पेटी धरून बसलात तर जुळणार नाही.

जुन्या ७८ चं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. विजेच्या मुद्रणाआधीच्या काळात वेग नेमका ७८ असायचाच असं नाही, सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत सापडतो. जुन्या उस्तादांचा आवाज ‘पातळ’ होता असं ठरवण्याआधी वेग बदलता येणाऱ्या प्लेयरवर कमी करून ऐका. गायकाची नेहमीची पट्टी माहीत असेल तर तिच्यावरून वेग ठरवता येतो. तानपुऱ्याशी लहानपणापासून ओळख असलेली माणसं हे काम यंत्रापेक्षा बरं करतात.

१२. जुन्या रेकॉर्डच्या शेवटी गाणारी बाई इंग्रजीत काहीतरी बोलते. ते काय?

स्वतःचं नाव. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. छपाई जर्मनीत हानोवरला व्हायची, तिथल्या कारागिरांना गाणारं कोण ते कळावं म्हणून शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’. पुढे लेबलं नीट छापली जाऊ लागली आणि गरज संपली. मला तो शेवट गाण्याइतकाच आवडतो.

१३. घरात बीटल्सची ७८ ची तबकडी आहे. लाखो मिळतील का?

साठच्या दशकात, इंग्लंड-अमेरिकेत ७८ बंद झाल्यावरही, भारतात बीटल्सची गाणी लाखेवर छापली जात होती. त्यामुळे परदेशी संग्राहक त्या शोधतात, हे खरं. पण भाव अवस्थेवर ठरतो आणि आपल्याकडे जपलेली प्रत क्वचित. तडा, लेबलवर शाईने लिहिलेलं नाव, घासलेली खाच, यातलं काही असेल तर अपेक्षा खाली आणा. विकण्याआधी जाणकाराला दाखवा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथली माणसं गाण्याकडे आधी बघतात, किमतीकडे नंतर. बाकी सिनेमाच्या सर्वसाधारण एलपीला बाजारात काहीशेच येतात.

१४. लोकसंगीताच्या या रेकॉर्डचे पैसे त्या कलाकारांना मिळाले का?

बहुतेकदा नाही, आणि ऐकताना हे माहीत असलेलं बरं. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडाने १९३९ मध्ये ‘म्बुबे’ मुद्रित केलं आणि हक्क दहा शिलिंगांना गेले. त्याच चालीवर पुढे ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ जगभर गाजलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत गेला. कुटुंबाशी तडजोड झाली ती २००६ मध्ये.

म्हणून रेकॉर्ड घेताना मी मागचं कव्हर वाचतो. मुद्रण करणाऱ्या गोऱ्या माणसाचं नाव ठळक आणि गाणाऱ्याऐवजी नुसतं ‘गावकरी’ किंवा अमुक जमात, असं असेल तर संगीत ऐकतो, पण नव्या आवृत्तीला पैसे देताना हात आखडतो. प्रश्न ३ मधली कोराची एलपी मला म्हणूनही प्रिय आहे: वादकांची नावं तिच्यासोबत आहेत.

१५. रेकॉर्ड उसन्या देता का?

नाही.

१६. घरातल्या तबकड्या संगणकात उतरवून यूट्यूबवर टाकल्या तर गुन्हा होईल का?

स्वतःपुरत्या उतरवून घ्या, जुन्या लाखेच्या तर आधी घ्या. जाहीर टाकायचं तर दोन हक्क वेगळे पाहावे लागतात. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे २०२६ मध्ये १९६५ पर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणं मोकळी झालेली आहेत. गीत आणि चाल यांचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे १९५५ ची तबकडी मोकळी, पण तिच्यावरचं गीत बांधलेलं, असं सर्रास होतं. पारंपरिक बंदिश किंवा संतांचा अभंग असेल तर शब्दांचा प्रश्न येत नाही, चाल कुणी बांधली ते मात्र पाहा. परदेशी रेकॉर्डना त्या त्या देशात वेगळे नियम लागतात आणि यूट्यूब तर जगभर दिसतं.

सगळं नियमात असूनही यूट्यूबचं यंत्र कधीकधी दावा लावतं, कारण एखाद्या कंपनीने तेच मुद्रण नव्याने काढलेलं असतं. तेव्हा लेबलचा स्पष्ट फोटो, कॅटलॉग क्रमांक आणि प्रकाशनाचं वर्ष देऊन हरकत नोंदवता येते. म्हणून उतरवतानाच दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.